सेलरमधला भोंडला

२ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांच्या चित्रांच्या वहीत मागची पंधरा-वीस पानं कोरी राहिली आहेत. टाकवत नाहीत, म्हणून त्यांवर लिहिते. रेघा नसल्यामुळे ओळी उजवीकडे उतरत जातात. पुढच्या पानांवर ह्यांनी काढलेली माणसं आहेत. ती मी अजून पाहिलेली नाहीत. पान चुकून उलटलं तर पेन्सिलीचं काळं बोटाला लागतं, तेवढंच पुरे होतं.

वृषालीचा पुण्याहून फोन. "आई, दसऱ्यापर्यंत काय ते ठरव. नल्लकुंट्यात, एवढ्या लांब एकटी बसून काय करणार आहेस?" म्हटलं, वाचते. म्हणाली, वाचायला पुण्यातही मिळतं. खरं आहे तिचं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सहा महिने झाले. एकदा सरळ लिहून काढते, म्हणजे रोज मनात म्हणावं लागणार नाही.

अकरा मार्चला सकाळी पावणेनऊला हे दूध आणि कोथिंबीर आणायला खाली गेले. अंगात रंगाचे डाग पडलेला जुना सदरा आणि पट्ट्यांचा पायजमा. सेलरमध्ये, इमारतीखाली जिथे गाड्या लावतात तिथे, सहा नंबरच्या खांबाजवळ पडले. वॉचमन यादगिरी तेव्हा गच्चीवर मोटरशी खटपट करत होता. तो सव्वानऊला खाली आला आणि ओरडला. मधल्या अर्ध्या तासात तिथून तीन मोटारी आणि दोन स्कूटर बाहेर गेल्या. हे वाटेतच पडलेले. म्हणजे प्रत्येकाला गाडी थोडी वळवून न्यावी लागली असणार. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर…" पुढचं त्यांनी पुरं केलं नाही, मीही विचारलं नाही.

नंतर जिन्यात कुणीतरी म्हणत होतं, बाहेरचा कोणी पिऊन पडलाय असं वाटलं असेल. पस्तीस वर्षं जामबागच्या शाळेत चित्रकला शिकवली ह्यांनी. कोटीच्या बाजारात गेलो की टक्कल पडलेले बाप्ये "ड्रॉइंग सर" म्हणून पाया पडायचे. आणि अठ्ठावीस घरांच्या ह्या इमारतीत बारा वर्षं राहून बाहेरचा.

चष्मा मात्र खांबालगतच्या कठड्यावर घडी घालून ठेवलेला सापडला. पडतानासुद्धा ह्यांची शिस्त. डाव्या काडीचा स्क्रू गेला होता, तिथे मी पांढरा दोरा गुंडाळून दिला होता. चष्मा आता कपाटात रुमालात आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

हिम्मतरावांकडे गेले. ते इमारतीचे सेक्रेटरी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण त्यांनी काढून ठेवलंय, हे यादगिरीनं मला सांगितलं होतं. इतके दिवस ते "कॅमेरा बंद होता" म्हणत होते. आज नाही म्हणाले नाहीत.

"वहिनी, बघून काय मिळणार?"

"कोण होतं ते कळेल."

"कळल्यावर? उद्या लिफ्टमध्ये तोच माणूस समोर आला तर काय कराल?"

"बघेन त्याच्याकडे."

"बस्स?"

"त्यांनी बघितलं नाही. मी बघेन."

ते बशीतला कप फिरवत राहिले. मग म्हणाले, "सण होऊन जाऊ द्या. दसरा झाला की दाखवतो. शब्द देतो."

मग मी दुसरं मागितलं. नवरात्रात रोज संध्याकाळी तासभर गच्ची, भोंडल्यासाठी.

"अहो, तुमचं वर्ष व्हायचंय अजून!"

"मी सण करत नाही. मी माणसांना एकमेकांची तोंडं दाखवणार आहे."

हिम्मतराव हसले. "गाणी म्हणून सुधारणार आहेत होय ही? उन्हाळ्यात टँकरपुढे ह्यांनी एकमेकांच्या बादल्या फोडल्यात, वहिनी. तुमची गच्ची घ्या, पण आशा ठेवू नका."

ठेवलेली नाही. पण घरी येऊन विचार केला. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही जामबागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो. माझी आई साताऱ्याकडची, आम्ही हादगा म्हणायचो. गल्लीतल्या पोरींना मी तो शिकवला. हे पाटावर हत्ती काढून द्यायचे. रोज एकेका घरी फेर, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ती ओळखायची तर आधी घर ओळखावं लागतं. कुणाकडे सगळ्यात गूळ, कुणाकडे खोबऱ्याशिवाय हात चालत नाही, कुणाच्या घरी या आठवड्यात काही शिजणं अवघड आहे. त्या गल्लीत कुणी पडलं असतं तर पडायच्या आधी चार हात आले असते. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं वाचून. पुस्तकात असं कुठे सापडलं नाही. पण खोटं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

जिन्यात कागद लावला होता. तीन दिवसांत एकच बाई आपणहून आली. दुसऱ्या मजल्यावरची प्राजक्ता, पुण्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. "काकू, मी येते मदतीला. काहीही सांगा." आठ वर्षांची मुलगी आहे, मानसी.

मी म्हटलं, आमच्या ह्यांना तू पाहिलं असशील. म्हणाली, "नाही काकू, आम्ही फेब्रुवारीत आलो ना. काकांना पाहिलंच नाही कधी." आणि लगेच विचारलं, काकांना त्रास झाला का हो फार, की लगेच गेले. इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, ते मला कसं कळणार, मी तिथे नव्हते.

गुणी मुलगी. नजरेला नजर देऊन बोलत नाही एवढंच. दिवसभर पडद्याकडे बघणाऱ्यांचं असंच होत असेल. जाताना भाजीचा डबा ठेवून गेली. यादगिरीची मात्र तिच्याविषयी तक्रार. "मॅडम की जगा नीचे खाली पड़ी, और गाड़ी रोड पे! छे महिने से बोल रऊं." तिला आत गाडी वळवता येत नाही म्हणे.

२१ सप्टेंबर, रविवार

आजपासून बतुकम्मा, इथल्या तेलुगु बायकांचा फुलांचा सण. पहिल्या मजल्यावरच्या सुगुणम्मानं अंगणात तंगेडूची पिवळी फुलं रचून पहिली बतुकम्मा मांडली. मी जिन्यावर उभी राहून पाहिलं. मधे फुलांचा ढीग, भोवती टाळ्या देत बायका. आपल्याकडे मधे हत्ती, फिरणं तेच.

तिनं मला गाठलंच. "क्या आंटी, हमारे बतुकम्मा के टैम पेच तुम्हारा हाथी आता क्या?"

"तुम अंगण में, हम गच्ची पे."

"लोगां किधर जाना फिर? आधे उप्पर, आधे नीचे? अच्छा पार्टिशन करे तुम!" आणि स्वतःच्याच विनोदावर दार धरून हसली. बारा वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. भांडायला का होईना.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. ह्यांनी गेल्या वर्षी सवयीनं पाटावर काढलेला हत्ती तसाच होता, जुन्या धोतरात गुंडाळलेला. खडू पुसट झालाय, सोंडेतली माळ अर्धी गेली. प्राजक्ता म्हणाली, मी रांगोळीनं वरून गिरवते. गिरवताना ती दर रेघेला थांबत होती. म्हटलं, बिघडला तरी चालेल गं.

आम्ही सगळ्या मिळून सहाजणी. एक म्हणाली, "काकू, तुम्ही फेरात नका येऊ हं, बाजूला बसून सांगा गाणी." वाईट हेतूनं म्हणाली नाही. मी स्टुलावर बसून सांगितली.

खिरापतीचा तर फज्जाच. जिची पाळी होती तिनं फोनवरून मागवली होती. डबा झाकला, पण पिशवीवर नाव आणि आतल्या जिनसा छापलेल्या. मानसीनं वाचून टाकलं. ओळखायचं काय राहिलं?

२४ सप्टेंबर, बुधवार

आज आठजणी. गाणी मी मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. पोरींना मराठी वाचता येत नाही, आयांनी इंग्रजी अक्षरांत उतरवून दिली. त्यातून मानसीनं सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, सासुरवास म्हणजे काय? सासऱ्यांना वास येतो?"

गच्चीवर वाळवण काढायला आलेली सुगुणम्मा थांबली. तिला कुणीतरी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "हौ! हमारे ससरे कू आती थी, बीड़ी की. चालीस साल सूंघी मैं!" टोपली खाली ठेवून पोट धरून हसली, सगळ्याच हसल्या. मीही. मार्चनंतर पहिल्यांदा. घरी येऊन त्याची लाज वाटली.

हसताना मानसीचा चष्मा पडून काडी निघाली. प्राजक्ता तिला समजावत होती, "रडू नकोस, दोरा गुंडाळून देते. काकांच्या चष्म्याला होता ना तसा पांढरा, छान टिकतो." मी तिला दोऱ्याचं कधी सांगितलं, आठवत नाही. हल्ली काय बोलते, कुणाशी बोलते, काही लक्षात राहत नाही माझ्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस धो धो पाऊस. मूसी नदीला पूर आलाय, मलकपेठेकडचे रस्ते बंद आहेत म्हणे. गच्चीवर टाचभर पाणी. हिम्मतराव म्हणाले, "सेलर कोरडा आहे. गाड्या मागे घ्यायला लावतो. पण वहिनी, तुम्हाला जमेल का तिथे?"

जमलं नाही. तरी गेले.

सहा महिने मी समोरच्या पायऱ्यांनी जाते-येते, सेलरमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. सहा नंबरचा खांब कंबरेपर्यंत पिवळा रंगवलेला आहे. खाली फरशीवर तेलाचा डाग. दुसरं काही नाही. कसला डाग असेल असं मला वाटत होतं कुणास ठाऊक. मी पाट तिथेच ठेवायला लावला.

मानसी एकटीच आली. "आईचं डोकं दुखतंय." फेर सुरू झाला तरी ती लांबच. हाक मारली तर म्हणाली, "आई म्हणते त्या खांबाजवळ जायचं नाही." पोरीला भुताबिताची भीती घातली असेल. शिकलेल्या माणसांनी असं करू नये. 

तिथे गाणं वेगळं ऐकू येतं. छत खाली असल्यामुळे आवाज फिरून अंगावर येतो. त्या दिवशी ह्यांनी हाक मारली असेल का? मारली असती तर ती अशीच घुमली असती. गाडीच्या बंद काचेतून ऐकू आली नसती.

२८ सप्टेंबर, रविवार

खरं ते लिहिते. हे सगळं फुकट आहे.

सकाळी लिफ्टमध्ये एक बाई होती. परवा माझ्याच गाण्यावर तिनं सेलरमध्ये अर्धा तास फेर धरला होता. आज कानात गाणी ऐकायची बोंडुकं, डोळे फोनवर. मी उभी. चार मजले ती एकदाही वर बघेना. तिथल्या तिथे मी पडले असते तर दार उघडल्यावर माझ्यावरून पाय टाकून गेली असती.

मला वाटलं होतं, गाणी म्हटली की माणसं राहण्याजोगी होतात. जामबागची गल्ली गाण्यानं तशी झालेली नव्हती. एक नळ, एक अंगण आणि भिंतीपलीकडचं खोकणं ऐकू येणारी घरं, एवढ्यानं झाली होती. गाणं वरची कोथिंबीर. मी नुसती कोथिंबीर घेऊन स्वयंपाक करायला निघाले.

वृषालीला सांगितलं, येते. पण ते चित्रण बघून मगच.

३० सप्टेंबर, मंगळवार

मोठी बतुकम्मा. पाऊस थांबेना, म्हणून सुगुणम्मा तिचा कंबरेएवढा फुलांचा ढीग घेऊन सेलरमध्येच उतरली. मी पाट उचलायला लागले तर ओरडली. "कायकू उठाते? रहने देव हाथी! उसकू भी फूलां अच्छे लगते." तिनं बतुकम्मा हत्तीशेजारी ठेवली. एक गाणं त्यांचं, एक आमचं. पंचवीस-तीस बायका. शब्द कुणाचे कुणाला येत नव्हते, टाळी सगळ्यांना येत होती. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय सुंदर.

मी स्टुलावर बसून हात बघत होते. टाळी देणारा प्रत्येक हात बघून वाटे, हा होता का स्टिअरिंगवर? हा का?

शेवटी गौरम्माची, म्हणजे गौरीची, हळद एकमेकींच्या मंगळसूत्राला लावतात. मी उठून बाजूला झाले. सुगुणम्मा हळदीचा हात घेऊन मागे आली, माझ्या कोऱ्या गळ्याकडे पाहिलं, मग माझा तळहात ओढून त्यावर बोट पुसलं. "तुम्हारा मरद मेरेकू रोज पूछता था, आज कौन सा फूल लाए. तेलुगु में पूछता था, गलत-सलत. मैं उस दिन गाँव कू गई थी आंटी, नई तो…" तिनंही वाक्य पुरं केलं नाही.

प्राजक्ता गाड्या उतरतात त्या उतारावर उभी होती, पावसात. मी खाली ये म्हणून हात केला. ती मान हलवत राहिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

प्राजक्तानं हत्ती गिरवला, पंधरा दिवस डबे दिले, तिला काहीतरी द्यावं म्हणून शेवटी ह्या वहीची पुढची पानं उघडली.

सगळी ह्या इमारतीतली माणसं. हे सकाळी खिडकीत बसून काय करायचे ते आता कळलं. मोटरवर वाकलेला यादगिरी. सुगुणम्मा, "पहिला मजला, फुलं. हसताना भिंत धरते." हिम्मतराव पाठमोरे. लिफ्टमधली ती बाईसुद्धा. नाव एकाचंही नाही, पण प्रत्येकाखाली एकेक ओळ. ह्यांना सगळी माहीत होती. ह्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

शेवटच्या चित्राखाली तीन मार्चची तारीख. गाडीच्या दारात बसलेली बाई पुढे उभ्या मुलीची वेणी घालतेय. "दुसरा मजला, नवीन. फार घाईत असते. पण वेणी मन लावून घालते." ते पान सोडवून घेतलं आणि आपट्याच्या पानासोबत प्राजक्ताला दिलं. म्हटलं, "बघ, तू ह्यांना पाहिलं नाहीस, पण ह्यांनी तुला ओळखलं होतं."

ती बघत राहिली. मग दारातच, उंबऱ्यावर, खाली बसली. "मी ओळखलं नाही काकू. मी ओळखलं नाही. मला वाटलं…" 

"अगं, असं काय? तूच आहेस ती. मानसीची वेणी बघ, मागचं गाडीचं दार बघ. पेन्सिलीचं चित्र आहे, फोटो नाही, जरा वेळ लागतो ओळखायला."

तिनं माझे पाय धरले. सोन्यासारखा सण, आणि ही एवढी रडली की शेजारचं दार उघडलं, समोरचंही. लिफ्टमधली ती बाई पाणी घेऊन आली. मी प्राजक्ताच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हे असते तर संकोचले असते. आपलं चित्र इतकं कुणाला लागावं, ह्यांना सवय नव्हती.

४ ऑक्टोबर, शनिवार

बॅग भरून ठेवली. पाट न्यावा की नाही, ठरत नाही.

हिम्मतराव सकाळी आले. "शब्द दिला होता, सोमवारी माझ्याकडे या. पण वहिनी, अजून विचार करा. काही गोष्टी झाकलेल्या डब्यात बऱ्या." म्हटलं, डबा सहा महिने माझ्यासमोर आहे, आता उघडाच. ते खाली बघत म्हणाले, "एकट्या येऊ नका."

हे बरं सुचवलं त्यांनी. वृषालीला रजा नाही. सुगुणम्मा आली असती, पण ती मोठ्यानं रडेल. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आले. ह्यांचं चित्र प्राजक्तानं भिंतीला लावलेलं नाही, पण टेबलावर समोर ठेवलंय. तिला म्हटलं, सोमवारी मला ते बघायचंय, एकटीला बघवणार नाही, तू माझ्याजवळ बसशील का? ह्या इमारतीत दुसऱ्या कुणाला सांगावं असं मला वाटत नाही.

 ती मानसीच्या केसांतून फणी फिरवत होती, तो हात थांबला. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाली, "येते काकू. मी बसते तुमच्याजवळ."